बारापैकी शून्य

"माझ्या वडलांना, आप्पांना, भाडेकरू जोतीरामनंच जिन्यावरून ढकललं. पण आप्पा सगळं विसरलेत, साहेब. माझं नावसुदिक. साक्ष कोण देणार?"

जेऊरहून आलेल्या सिद्धाप्पाने दारातूनच सांगितले. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रामहरी देवकते खासगी तपास करत. ते लगेच उठले. मागोमाग त्यांचा मदतनीस हिंदुराव वही घेऊन निघाला. आपला उपयोग काय, हे त्याला कधीच कळले नव्हते.

साखर पेठेत आप्पांच्या शेजारची दानम्मा भेटली. "नळावरून भांडायचे दोघं, व्हय. पण म्हाताऱ्याला ताट जोतीरामच द्यायचा की! पोरगं वर्षातनं एकदा, गड्ड्याच्या जत्रेला यायचं. म्हातारा पडल्यापासून मात्र दहा दिवस रोज येतंय. आईच्या गोष्टी सांगतंय."

चौकीत भाडेकरू जोतीराम गुडघ्यांत मान घालून बसला होता. "आवाज आला म्हणून धावलो, साहेब. उचलायला वाकलो आन् लोक जमले. पोराच्या तक्रारीवरनं आज धरून आणलं, उद्या कोर्टात उभं करणार. कामावरनं काढतील मला."

घरी आप्पा, म्हणजे गुरुबसप्पा, खाटेवर बसून चादरीची घडी करत होते. काठाला काठ. तीस वर्षे मिलमध्ये ते कापडातले दोष शोधत.

"घडी विसरले नाहीत!" हिंदुराव कुजबुजला.

"हातांची आठवण निराळी. प्रसंग विसरलेल्या माणसाचीही ती टिकते."

मिलमधून माहिती काढून रामहरींनी बारा प्रश्न तयार केले होते. प्रत्येकाला दोनच उत्तरे.

"मिलचं दार पूर्वेला की पश्चिमेला?"

"आठवत न्हाय."

"अंदाजानं सांगा."

"पश्चिमेला."

चूक. पुढचेही चूक. हिंदुरावने खिन्नपणे लिहिले : बारापैकी शून्य. बिचाऱ्याकडे काहीच उरले नव्हते.

रामहरींनी सिद्धाप्पाला आत बोलावले.

"नाणं बारा वेळा उडवलं, तर पाच-सहा वेळा तरी छाप पडतो. नाण्याला काय आठवतं? खरोखर विसरलेला माणूसही अंदाजानं निम्मी उत्तरं बरोबर देतो. बाराही चुकवायला बाराही ठाऊक असावी लागतात. आप्पा, दोष वेचायची सवय तुमची. एकही बरोबर उत्तर सुटू दिलं नाहीत."

हिंदुरावची पेन्सिल थांबली.

"ढकललं कुणी?" रामहरींनी हळूच विचारले.

"कुणी न्हाय. पाय घसरला." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "शुद्धीवर आलो, तर हा उशाशी. वळखलं न्हाय म्हणालो, तर रडला. दुसऱ्या दिवशी परत आला. मग कसं सांगू?"

"आन् आईच्या गोष्टी?" सिद्धाप्पा ओरडला. "सगळ्या ठावं होत्या तुमाला?"

"व्हय. पण तुझ्या तोंडून कवा ऐकल्या न्हवत्या."

सिद्धाप्पाने पिशवी उचलली. दाराशी क्षणभर घुटमळला आणि जिना उतरला. त्याची पावले रस्त्याच्या गलक्यात मिसळेपर्यंत म्हातारा ऐकत राहिला.

मग त्याने टोपी घातली.

"चौकी लांब हाय का हो? जोतीरामला सोडवाया पायजे."

हिंदुरावने वही मिटली आणि त्याला हात दिला.