कडी आतून होती

धोंडीराम बोरस्तेने खुर्चीत बसण्याआधीच हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. त्याच्या बायकोला एका रक्तपिशाच्चाने नादी लावलं होतं आणि ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊन पळून गेली होती, असं त्याचं म्हणणं होतं. तिला शोधून द्या, एवढंच त्याचं मागणं.

१९७९ सालचा फेब्रुवारी होता. नाशिकच्या रविवार कारंजाजवळ जिन्यावरच्या त्या खोलीत खाजगी तपासाची कामं घेणाऱ्या भास्कर गांगुर्डेने आजवर बरेच खुळे दावे ऐकले होते. त्याचे सोबती यादवराव मोगल, निवृत्त शाळामास्तर, मात्र पिशाच्च हा शब्द ऐकताच सरसावून बसले.

धोंडीराम ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. शर्टच्या खिशात पोलादी पट्टी आणि धातूवर मापं आखायचा दोन अणकुचीदार टोकांचा डिव्हायडर होता. बोलता बोलता तो डिव्हायडर काढून उघडमीट करायचा, पुन्हा खिशात ठेवायचा.

पाकिटात फोटो निघाला. मैना, वय अठ्ठावीस. डाव्या कानाखाली, गळ्यावर, शेजारी शेजारी दोन बारीक गोल जखमा. बाकी गळा स्वच्छ.

धोंडीरामने हकीकत सांगितली. अमावास्येच्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. अमावास्येनंतरच्या सकाळी तो पंचवटीतल्या घरी आला, दार ठोठावलं, मैनाने कडी काढली, तर गळ्यावर रक्त. खोलीला दार एकच, ते आतून बंद. खिडकीला गज. "माणूस आत येऊच शकत नाही, साहेब," तो म्हणाला. "म्हणून सांगतो, तो माणूस नाही." त्याच दिवशी त्याने तिला स्टुडिओत नेऊन पुरावा म्हणून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी ती मुलीसकट नाहीशी झाली. त्याला अकरा दिवस झाले होते.

त्या पिशाच्चाचं नाव गेणू भोये, राहणार हरसूल. दिवसा बाहेर पडत नाही, दात लाल.

"नाव कसं कळलं?" गांगुर्डेने विचारलं.

"तिनेच सांगितलं. मी विचारलं."

येत्या बाजाराच्या दिवशी हरसूलची माणसं त्याचं घर पेटवणार आहेत, हेही त्याने जाता जाता सांगितलं. सांगताना तो समाधानी दिसला. गांगुर्डेला काम नाकारावंसं वाटलं. पण बाजाराला तीनच दिवस उरले होते.

पहिला दिवस फुकट गेल्यासारखाच होता. पंचवटीतली शेजारीण गोजराबाई मैनाबद्दल काही बोलेना. "नवराबायकोचं मला काय ठाऊक," एवढंच घोकत राहिली. शेवटी यादवरावांनी उगाच झोपेचा विषय काढला, तेव्हा मात्र तिला वाचा फुटली. कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबून धोंडीरामसाठी भोंगा वाजवते, ही तिची तक्रार. अमावास्येच्या आठवड्यात तर रोज सकाळी सहाला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी भोंगा वाजतच राहिला, धोंडीराम गेलाच नाही, आणि तिचं नातवंड जागं झालं ते झालंच.

गांगुर्डेने वहीत नोंद केली. यादवराव म्हणाले, बाई कामाचं काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी हरसूलची एसटी वाटेत दोनदा बंद पडली. गेणूचं घर गावाच्या कडेला, खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं. आत कंदिलाच्या उजेडात तिशीतला एक माणूस रेडिओ दुरुस्त करत होता. हाताच्या पाठीवर जुने व्रण, चेहऱ्यावर काळे डाग. बोलायला तोंड उघडलं तेव्हा दात तांबूस दिसले आणि वरच्या ओळीत डावीकडे मोठी फट. सुळ्यासकट तीन दात गेलेले. यादवराव दारातच थांबले होते.

"भ्याव नका," गेणू म्हणाला. "जन्माचा आजार हाय. ऊन लागलं की कातडी सोलवटते. अंगात रगात टिकत नाय."

त्याच्या कोपराच्या खळग्यात चिकटपट्टी होती, अजून पांढरीशुभ्र. गांगुर्डेने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सोमवारी नाशिकच्या दवाखान्यात रक्त चढवलं.

मैनाचं नाव काढताच त्याने हातातला रेडिओ बाजूला ठेवला. मग सांगितलं ते मान खाली घालून. दिवाळीत तो त्याच दवाखान्यात होता. मैनाची मुलगी कुंदा टायफॉइडने पलीकडच्या खाटेवर होती. त्याचा रक्तगट फार थोड्या लोकांत सापडणारा. दवाखान्याच्या आयाबाई वॉर्डभर विचारत फिरल्या. मैना उठली, तपासणी झाली, जुळलं.

"लोक माझ्याकडं पाठ करून बोलत्यात," गेणू म्हणाला. "तिनं खाटेशी येऊन नाव इचारलं. तुमाला रगात देनाराला तुमचं नाव तरी ठाव असावं, म्हनली. मंग रोज येऊन बसायची. मी कुंदाला मोडके रेडिओ बोलते करून दाखवायचो." "ती कुठं हाय ते मला नका इचारू."

परतताना यादवराव म्हणाले, ती नक्की त्याच घरात लपली असेल. गांगुर्डेने नकारार्थी मान हलवली. तो बराच चिडलेला होता, आणि तो राग धोंडीरामपेक्षा स्वतःवर जास्त होता. नवऱ्याने दिलेल्या वासावर आपण शिकारी कुत्र्यासारखे धावत होतो, हे त्याला आता उमगलं होतं.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात विचारपूस करून तो कुंदाच्या वॉर्डवरच्या आया यशोदाबाई पगारेंच्या घरी गेला. त्या नाशिक रोडला एकट्या राहत. मैनाला दिवाळीनंतर पाहिलंच नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. दोरीवर लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता. गांगुर्डे आत न डोकावता परत आला. यादवरावांनाही काही बोलला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी गेणूच्या दारासमोर वीस-पंचवीस माणसं जमली होती. पुढे धोंडीराम. गावचे पोलीस पाटील सहादू यांना गांगुर्डेने आधीच आत नेऊन बसवलं होतं. त्याने धोंडीरामलाही आत बोलावलं. दार उघडंच ठेवलं, बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून. गेणू कोपऱ्यात सरकला.

"पाटील, हा फोटो बघा," गांगुर्डे म्हणाला. "माणूस चावला तर वरचे दात उमटतात, तसे खालचेही उमटतात. इथे दोनच भोकं. आणि गेणूला वर डावीकडे सुळाच नाही. या तोंडाने अशी जोडी उमटत नाही."

पाटलांनी कंदील उचलून गेणूला तोंड उघडायला लावलं. बराच वेळ पाहिलं.

"लोक याला रक्त पिणारा म्हणतात. याला रक्त लागतं हे खरं. ते बाटलीतून मिळतं, डॉक्टरांच्या हातून. या बाईने ते राजीखुशीने दिलं."

"मग कडी?" धोंडीराम म्हणाला. "दार आतून बंद होतं."

"होतं ना. मलाही तेच कोडं होतं. तुम्ही रात्रपाळीला होता म्हणालात. पण त्या आठवड्यात कारखान्याची बस तुम्हाला न्यायला रोज सकाळी सहाला भोंगा वाजवत होती. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी कोण न्यायला येतं? तुमची पहिली पाळी होती. त्या रात्री तुम्ही घरी होता. सकाळी भोंगा वाजत राहिला, तुम्ही गेला नाहीत, कारण बायकोला फोटोला न्यायचं होतं. दार आतून बंद होतं, बाहेरून कुणी आलं नाही. आत तीन जीव होते. मैना, कुंदा आणि तुम्ही."

बाहेरची माणसं दाराशी सरकली.

"गेणूचं नाव तिने सांगितलं, तुम्ही विचारल्यावर. काय टोचून विचारलंत, ते तुमच्या खिशात आहे."

धोंडीरामचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. पाटलांनी तो बाजूला केला, डिव्हायडर काढला, फोटोकडे पाहिलं, पुन्हा त्या दोन टोकांकडे पाहिलं.

"तिच्या पिशवीत दवाखान्याची चिठ्ठी सापडली," धोंडीराम शेवटी म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "परक्याला रक्त देते. मी म्हटलं, अंगात रक्त एवढं जास्त झालंय तर मीही काढतो. बायको माझी आहे."

पाटील उठले. दारात जाऊन त्यांनी माणसांना बाजारात परत जायला सांगितलं. या घराला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे, असंही बजावलं. माणसं एकेक करून पांगली. मग गांगुर्डेने विचारलं, या गृहस्थाचं काय?

"ते त्यांच्या घरचं," पाटील म्हणाले. "त्यात म्या काय करू?"

धोंडीराम चालत एसटीच्या थांब्याकडे गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

पंचवटीच्या चौकीतही निराळं काही झालं नाही. अंमलदाराने फोटो उलटसुलट पाहिला. बाईने स्वतः यावं, पत्ता लिहून द्यावा, मग बघू. पत्ता कागदावर आला की नवऱ्याला मिळणार आणि तो मुलीवर हक्क सांगणार, हे गांगुर्डेने सांगितलं. अंमलदार म्हणाला, बाप आहे तो. गांगुर्डे बाहेर आला आणि पायरीवर बसून राहिला. यादवरावांना त्याची समजूत काढता येईना. "एवढं सगळं सिद्ध केलंत हो तुम्ही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मैना नाशिकमध्येच आहे हे गांगुर्डेने आता पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, हे कशावरून कळलं? गांगुर्डेने सांगितलं, त्या पांढऱ्या चिकटपट्टीवरून. असं रक्त इथे फक्त मैनाकडूनच मिळत होतं. गेणूला सोमवारी ते मिळालं, म्हणजे पळाल्यानंतरही ती दवाखान्यात येऊन गेली होती. आणि तिला तिथून सुखरूप नेणारं माणूस दवाखान्यातलंच असणार.

दोघं मग नाशिक रोडला गेले. यशोदाबाईंनी या वेळी दार लगेच उघडलं. मैना पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, कुंदा तिच्या मांडीवर झोपलेली. दुसऱ्या गावी, एका बालवाडीत काम मिळालं होतं. गाडी तासाभरात होती. ती गावाचं नाव सांगू लागली, पण गांगुर्डेने तिला थांबवलं.

"मला सांगू नका, ताई. उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल."

हरसूलहून निघताना गेणूने सांगितलेला निरोप त्याने दिला. तुझी तब्येत खालावलीये, आता रक्त देऊ नकोस, माझ्यासाठी नवऱ्याच्या तावडीत पुन्हा सापडू नकोस, असं तो म्हणाला होता.

मैनाने गळ्यावरचा पदर नीट केला. जखमांवर खपली धरली होती.

"त्यांना सांगा, डॉक्टरीणबाईंनी तीन महिने थांबायला सांगितलंय, तेवढी थांबेन," ती म्हणाली. "मग येईन. माझ्या अंगातलं आहे ते. कुणाला द्यायचं ते मी ठरवणार."

तिने कुंदाला खांद्यावर घेतलं. यादवरावांनी न विचारता ट्रंक उचलली आणि ते स्टेशनच्या वाटेला लागले.