मखमलीवरची सावली

इतवारीतल्या मधुकररावांच्या सराफी दुकानातून चांदीचा मुकुट गेला आणि सकाळी साडेदहापर्यंत पोलिसांनी चोरही ठरवून टाकला. झाडलोट करणारा नत्थू पायरीवर बसून होता. पायरीवर सावली होती. समोरच्या बसक्या दुकानातल्या पितळी भांड्यांवर मात्र असं ऊन की बघवत नव्हतं.

फौजदार प्रेमानंदांनी गांधीबागेतल्या इंदूबाईंना बोलावलं ते फक्त पुराव्याच्या फोटोची प्रत काढायला. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या इंदूबाईंनी मधुकररावांचा मोबाइल हातात घेतला.

रस्त्याकडच्या शोकेसमध्ये मुकुट. लखलखीत. मागच्या लाल मखमलीवर, काचेवर रंगवलेल्या दुकानाच्या नावाची धारदार सावली. कोपऱ्यात आजची तारीख, वेळ ९.०५.

"कोणी काढला?"

"मीच. मुकुट लकडगंजच्या मंदिराचा, उजळायला आला होता. फोटो काढला आणि तर्री-पोहे खायला गेलो. दुकानात हा एकटा. वीस मिनिटांत मुकुट गायब."

"मी फरशी पुसली, साहेब," नत्थू म्हणाला. "मुकुट मले दिसलाच नाही."

"पाहा! वेळ छापून आहे, तरी दिसला नाही म्हणते!"

प्रेमानंदांनी घड्याळ पाहिलं. "बाई, प्रत द्या. बाराच्या आत याला कोर्टात उभं करायचंय."

"छापलेली वेळ!" इंदूबाईंनी नाक मुरडलं. "साहेब, पासपोर्टच्या फोटोत मी लोकायले कोट घालून देते. तो कोट त्यायचा होता का?" मग त्या मधुकररावांकडे वळल्या. "फोटोत उजेड कशाचा?"

"शोकेसमधल्या ट्यूबचा."

"नक्की?"

"दुकान माझं आहे, बाई. अक्कल शिकवू नका."

"शिकवून येणारी नाहीच ती. ट्यूब काचेच्या आत. तिच्यानं अक्षरांची सावली रस्त्याकडे पडेल, मखमलीवर नाही. उजेड बाहेरून आला, समोरून. आणि काठ इतके धारदार, म्हणजे सरळ ऊन. साहेब, या दुकानावर आता ऊन दाखवा मले."

प्रेमानंदांनी पायरी पाहिली. मग समोरची भांडी पाहिली.

"दुकानाचं तोंड मावळतीला," इंदूबाई म्हणाल्या. "इथं ऊन येते दुपारी चारनंतर. आज अजून चार वाजले नाहीत. फोटो आधीचा, वेळ मागून टाकलेली. मुकुट सकाळी इथं होता, याले दुसरा पुरावा काय?"

प्रेमानंद मधुकररावांकडे वळले.

"सकाळी काहून नाही काढला, सांगू? सावलीत चांदी जर्मनच्या मळक्या भांड्यासारखी दिसते. या माणसाले खोट्या पुराव्यातही माल चमकवूनच दाखवायचा होता. गरिबाले जेलात घालतानाही दुकानदारी सुटली नाही."

प्रेमानंदांनी दुकानाची झडती घेतली. दुकानामागच्या भट्टीजवळ चांदीची लगड सापडली. तिच्यात मुकुटाचं एक नक्षीदार पान अर्धवट वितळून अडकलं होतं.

"ऊठ गा, नत्थू," इंदूबाई म्हणाल्या. मोबाइल अजून त्यांच्याच हातात होता. "आता काढते प्रत, साहेब. केवढी पाहिजे?"