विस्कटलेले खिळे

"बाई, चला लवकर! अंकाचा घात झाला!"

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच ऋषिराज ओरडला. म्हाळसाबाई नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. इंदापूरच्या कॉलेजात त्या मराठी शिकवत, आणि देवळात कीर्तन असलं की घरातलं सगळं काम बाजूला पडे. कालचं आख्यान अजून त्यांच्या ओठांवर घोळत होतं.

"घात म्हणजे? नीट सांग."

"प्रियदर्शनीच्या लेखाचे खिळे कुणीतरी उधळलेत. तिनं हातानं लिहिलेले कागद आन् प्रूफही गायब हायत."

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. पोराच्या कपाळावर काळसर डाग होता. "कालचा बुक्का अजून जपलायस का रे?"

"प्रसाद हाय, बाई. पुसवत न्हाय," तो म्हणाला आणि सायकल वळवून पुढं निघाला.

साल होतं १९९४. विद्यार्थ्यांनी हट्टानं काढलेला नव्या लेखनाचा आणि चित्रांचा अंक, नाव 'खुरपं'. ऋषिराज त्याचा संपादक. प्रकाशन त्याच दिवशी दुपारी चार वाजता होतं.

मोहनरावांचा छापखाना देवळामागच्या बोळात. बाई पोचल्या तेव्हा ऋषिराज अंकाच्या चित्रकाराला बोलवायला गेला होता. आत शिशाची अक्षरं, म्हणजे छपाईचे खिळे, फरशीभर सांडली होती. काना इकडं, वेलांटी तिकडं. खिळे जुळवून बसवायची लोखंडी चौकट रिकामी होऊन भिंतीशी उभी होती. मेजावर काळ्या बोटांचे फराटे उठले होते.

"चौकट शेवटची कुणी बघितली?" बाईंनी विचारलं.

"मीच," मोहनराव म्हणाले. "काल तिन्हीसांजंला शाई फिरवून प्रूफ काढलं. सकाळी छापायचंच व्हतं, म्हणून शाई पुसली न्हाय. नुसती कडी लावली आन् कीर्तनाला पळालो. गुरवाला ताप आलेला, तवा बुक्क्याचं ताट माझ्याच हातात. पूर्वरंग संपल्यावर देवळातलं एक कपाळ सोडलं न्हाय."

"पुन्हा जुळवता येईल?"

"ही रास निवडायलाच दिवस जाईल. बारामतीला न्यावं, तर तितं आयत्या वेळी कोण दारात उभं करील?"

बाकीचा अंक छापून झाला होता. फक्त मधली दोन पानं कोरी होती.

प्रियदर्शनी खिळ्यांच्या राशीपाशी उकिडवी बसली होती. पिंपळीच्या बौद्ध वस्तीतली ही मुलगी वसतिगृहात राहून शिकत होती. तिचा लेख बाईंनी वाचला होता. एका मित्राच्या घरी ती चहाला गेली. घरच्यांना कपबशा आल्या. हिला मात्र छपराच्या वळचणीत खोचून ठेवलेला, कान तुटलेला कप. मित्रानं ते पाहिलं आणि मान खाली घातली. एवढंच होतं त्यात, पण वाचल्यावर बाईंना त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.

"प्रियदर्शनी, ते घर कुणाचं?"

"न्हाय सांगणार, बाई."

"अगं, त्यावरून चोर सापडेल."

"सापडू दे न्हायतर न सापडू दे. नाव घेतलं की ती एकाच घराची गोष्ट हुती. बाकीचे समदे चहा पिऊन मोकळे."

तेवढ्यात ऋषिराजमागून दारात मानसिंग दिसला. आडदांड, तापट, पण चित्रकलेत हात धरणारा कुणी नाही. अंकाच्या मुखपृष्ठाचा ठसा त्यानंच लिनोच्या पत्र्यावर कोरला होता.

"ये," बाई म्हणाल्या. "लेख छापला तर अंक जाळीन, असं तूच म्हणाला होतास ना?"

"व्हय, म्हणालो! समदं कॉलेज म्हणतंय, तो कप मानसिंगच्या घरचा. आमच्या घरचा न्हाय तो! हिला इचारा."

"न्हाय ह्याच्या घरचा," प्रियदर्शनी मान न वळवता म्हणाली.

"मग काल संध्याकाळी कुठं होतास?"

"स्टँडवर. भजी खात."

"कीर्तनाला का नाही आलास?"

"मला मांडी घातली की झोप येती. मागं एकदा घोरलो, तर बुवांनी माझाच दृष्टांत दिला." मोहनरावांना हसू आवरेना. "आन् अंक जाळून मी माझंच चित्र जाळू व्हय? लिनो कोरून बोटं सोलली ही माझी."

"बघू बोटं."

बोटांवर चिरा होत्या, नखांत माती होती. शाई नव्हती. बाईंनी मग सगळ्यांचेच हात पाहिले. मोहनरावांचे कायमचे काळे. ऋषिराजच्याही नखांत काळं होतं.

"मी रोज प्रूफं हाताळतो, बाई," तो म्हणाला.

"खरं आहे. तू काल कीर्तनात होतास. उत्तररंगाला मी स्वतः तुला खांबापाशी पाहिलं. आधी कुठं बसला होतास?"

"तितंच. मागं."

"पूर्वरंगापासून?"

"पहिल्यापासून."

"बुक्का कुणी लावला तुला?"

ऋषिराज हसला. "कोण लावणार? गुरवानं. नेहमी तोच लावतो की."

मोहनरावांनी तोंड उघडलं. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"मोहनराव, तुम्ही आज आंघोळ केलीत?"

"हे काय इचारणं, बाई!"

"तुमच्या कपाळावर बुक्का आहे?"

"कसा असंल? एका तांब्यात जातो त्यो."

"माझाही गेला." बाईंनी यंत्रापाशी पडलेलं रॉकेलचं फडकं उचललं. "ऋषिराज, पुढं ये."

तो आला नाही. मानसिंग त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. बाईंनी फडकं त्याच्या कपाळावरून फिरवलं आणि सगळ्यांसमोर धरलं. त्यावर काळा, तेलकट, चकाकणारा पट्टा उमटला होता.

"बुक्का कोरडा असतो," बाई म्हणाल्या. "घरी पोचेपर्यंत निम्मा उडतो, उरलेला पाण्यानं जातो. शाई पाण्याला दाद देत नाही, तिला रॉकेलच लागतं. मोहनराव ताट घेऊन फिरत होते तेव्हा तू देवळात नव्हतास, इथं होतास. ओली शाई लागलेली चौकट उलटी केलीस, कागद खिशात घातलेस. हात पुसलेस, पण बोटं काळीच राहिली. मग कीर्तनात चार लोकांना दिसायला हवं म्हणून धावलास. दारात पोचल्यावर कळलं की बुक्का लावून झालाय. त्या गर्दीत एकच कोरं कपाळ उठून दिसलं असतं. म्हणून तुझं तूच बोट टेकवलंस. सकाळी डाग निघेना, तेव्हा त्यालाच प्रसाद म्हणालास."

बाईंनी फडकं मेजावर टाकलं.

"गुरव काल तापानं घरी पडून होता. बुक्का कुणी लावला, हे देवळातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे." बाईंचा आवाज चढला. "खिळे उधळलेस त्याचा राग आहेच. पण देवाच्या दारात उभं राहून चोरीची शाई कपाळाला लावलीस, ते मला जास्त लागलं. आता तूच सांग. कप कुणाच्या घरचा?"

ऋषिराजनं भिंतीचा आधार घेतला. "आमच्या. डाळज गावातल्या घरचा. अंकासाठी लोकगीतं गोळा करत फिरत व्हतो, तवा मीच हिला चहाला नेलं. लेख निवडला तवा काय वाटलं न्हाय. नाव नव्हतंच ना. पण आई म्हणाली, मी प्रकाशनाला येणार. पहिल्या रांगेत बसणार, अंक उघडणार. तिला वाचता येतं, बाई. तिला तिचा कप कळला असता."

"कागद कुठं हायत माझे?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"जाळले." तो तिच्याकडं वळला. "संपादकाची जागा सोडतो. पाया पडतो. पण तेवढा लेख नको."

"माझ्या पाया पडायची रीत हाय तुमच्यात?"

मानसिंगनं त्याची गचांडी धरली. प्रियदर्शनी उठली. "सोड त्याला. मारून खिळे जुळत न्हाईत."

"पोरी, प्रकाशन म्हैनाभर पुढं ढकलू," मोहनराव म्हणाले. "मी फुकट जुळवून देतो."

"न्हाय काका. आज चारलाच. कागद गेला, पण लिहिणारी हितं उभी हाय. कोरी पानं तशीच शिवा. मी बोलीन, लोक लिहितील. आजवर आमच्याबद्दल लिहायला कुणाचा हात दुखला न्हाय. आज माझं लिहू द्यात."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाभण कुठं आहे ते विचारलं.

चार वाजता सभागृह भरलं. प्रत्येकाच्या हातात अंक आणि पेन्सिल. कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी "हा काय तमाशा" म्हणून उठायचा प्रयत्न केला. दारात मानसिंग उभा होता. "बसा की सर, शुद्धलेखन पक्कं हुईल," तो म्हणाला. प्राध्यापक बसले.

पहिल्या रांगेत ऋषिराजची आई, फुलाबाई, नवं लुगडं नेसून बसली होती. शेजारी ऋषिराज. पळून जायला बाईंनी त्याला वाट ठेवली नव्हती.

प्रियदर्शनी कागदाशिवाय उभी राहिली. एकेक वाक्य सांगायची, पेन्सिली चालायच्या, त्या थांबल्या की पुढचं. मित्राचं घर आलं. अंगण आलं. कपबशा आल्या.

"मला वळचणीतला, कान तुटलेला कप दिला."

फुलाबाईची पेन्सिल थांबली. तिनं मुलाकडं पाहिलं. ऋषिराजनं या वेळी मान खाली घातली नाही. "लिही, आई," तो म्हणाला.

ती लिहीना. हळूहळू सगळ्या पेन्सिली थांबल्या. सभागृह वाट पाहत राहिलं.

प्रियदर्शनीनं पुढचं वाक्य घेतलं नाही. तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, तितक्याच स्पष्ट आवाजात, पहिल्या रांगेकडं पाहत. मग तिसऱ्यांदा.

फुलाबाईनं पदर सावरला, अंक मांडीवर नीट धरला आणि खाली वाकून एकेक अक्षर काढू लागली. तिचं लिहून होईपर्यंत प्रियदर्शनी थांबली.

मग पुढचं वाक्य सांगितलं.