दादाच्या वाट्याचं पेट्रोल

काकाला बेटावरून परत आणायचं आणि बाबा गेल्याचं त्याला सांगायचं, एवढीच मोहीम होती. पहिलं काम आत्याकडे, कारण बोट तिची. दुसरं माझ्याकडे आलं, कारण आत्या म्हणाली, "तुला नाहीतरी बडबडायची सवय आहे."

बेटावर पूर्वी वाऱ्यापावसाच्या नोंदी ठेवायचं एक ठाणं होतं. बाबा आणि काका, दोघे भाऊ तिथे कामाला. मग ते काम यंत्रं करू लागली, ठाणं बंद झालं आणि नेमकं त्याच आठवड्यात दोघांचं खिडकीवरून भांडण झालं. एकाला ती उघडी हवी, दुसऱ्याला बंद. तडजोड म्हणून अर्धी उघडी ठेवली. दोघांनाही सर्दी झाली.

त्यानंतर त्यांनी बोलणं सोडलं आणि वाटण्या केल्या. घराच्या मधोमध रंगाची रेघ. बुद्धिबळातली पांढरी मोहरी बाबांना, काळी काकाला. पेट्रोलचे सहा भरलेले कॅन होते आणि सहा रिकामे. तीन-तीन भरलेले घेऊन कोणीही मोकळा झाला असता. पण एखाद्यात घोटभर जास्त असलं तर? म्हणून त्यांनी प्रत्येक भरलेला कॅन अर्धा रिकाम्यात ओतला, असे बारा अर्धे कॅन केले आणि आपापली खूण करून सहा-सहा वाटून घेतले. पेट्रोलचं वाटोळं झालं, पण न्याय झाला.

बाबा सामानाच्या बोटीनं घरी आले. ती बोट पेट्रोल चढवून घेईना, त्यामुळे त्यांचे सहा अर्धे कॅन तिथेच राहिले. काकाही तिथेच राहिला. त्याच्याकडे इंजिनाची छोटी होडी होती, मनात आणलं असतं तर कधीही येऊ शकला असता. नाही आला. बाबा म्हणायचे, "आधी तो बोलेल, मग मी." तीन वर्षं असं म्हणून या हिवाळ्यात बाबाच गेले. मुद्दा सोडला नाही त्यांनी.

वर्षातून एकदा जाणारी सामानाची बोट यंदा बंद झाली. वाऱ्याचे महिने तोंडावर आले होते. एकदा वारा सुटला की त्या बाजूला कोणी जात नाही. म्हणजे आताच काकाला आणलं नाही, तर तो तिकडे उपाशी राहणार होता, आणि तेही भावाशी अबोला धरून, जो भाऊ आता नव्हताच.

निघालो तेव्हा समुद्र इतका शांत होता की संशय यावा. किनारा मागे गेला, मग पक्षी मागे राहिले, मग माझे विनोदही. आत्या सुकाणूवर उभी, तोंड समोर. दुपारपर्यंत चहूकडे एकसारखं राखाडी पाणी, आणि मधोमध आमचं इंजिन एखाद्या बहिऱ्या माणसासारखं स्वतःशीच मोठ्यानं बोलत होतं. एवढ्या मोकळ्या जागेत माणसाला आपण नेमके किती आहोत ते कळतं. मी फार नव्हतो.

"तिकडे बारा कॅन आहेतच की," मी म्हणालो. माझ्या पायांना परतीच्या पेट्रोलचा भलामोठा कॅन घासत होता. "हा कशाला वागवतोय आपण?"

"तीन वर्षांचे अर्धे कॅन," आत्या म्हणाली. "अर्धा कॅन श्वास घेतो. दिवसा तापला की वाफ बाहेर टाकतो, रात्री गार झाला की ओली हवा आत ओढतो. तळाला पाणी साचतं, वरचं पेट्रोल चिकट होतं. ते घातलं तर इंजिनाचा घसा बसेल."

"औषध मिळतं ना घालायला? पेट्रोल टिकायचं?"

"मिळतं. पण ते ताजं असताना घालायचं. कॅन जवळजवळ गळ्यापर्यंत भरायचा, वर बोटभर जागा, झाकण घट्ट, सावलीत ठेवायचा. मग टिकतं. एकदा शिळं झाल्यावर वरून औषध ओतून काय उपयोग? आधी लक्ष द्यायला हवं होतं."

नंतर बराच वेळ आम्ही दोघंही पेट्रोलबद्दल बोललो नाही.

बेट दिसलं ते संध्याकाळी. पाण्यातून वर आलेला एक हिरवा, केसाळ खांदा. त्याच्यापुढे खडकांची रांग आणि त्या रांगेत बोटीपुरती एकच फट.

"धरून बस," आत्या म्हणाली.

"काय धरू?"

"जे हलत नाही ते."

असं बोटीत काहीच नव्हतं! पहिल्या लाटेनं आम्हाला उचललं. दुसरीनं आडवं केलं. डावीकडे खडक. उजवीकडे खडक. आत्यानं सुकाणू छातीशी ओढून धरलं. तिसरी लाट मागून आली आणि बोटीतून आरपार गेली! मी बाक धरला होता. कॅन कोणीच धरला नव्हता. तो एकदा उडाला, पाण्यावर शांतपणे बसला आणि जणू त्याचंच कुठेतरी काम असल्यासारखा निघून गेला.

आम्ही आतल्या शांत पाण्यात पोचलो. टाकीत तळाला ओंजळभर पेट्रोल उरलं होतं.

"आता तिकडचे बारा," मी म्हणालो.

आत्यानं ओल्या केसांना पीळ दिला. "गप्प बस."

रात्र वाळूवर काढून सकाळी जंगल चढायला लागलो. पायवाट होती, पण एकाच माणसाच्या रुंदीची. तीन वर्षं तिच्यावरून दोन माणसं शेजारी-शेजारी चाललीच नव्हती, त्यामुळे झुडपांनी उरलेली जागा परत घेतली होती. आत्या पुढे. मी मागे राहून झाडांवर सराव करत होतो. "काका, एक वाईट बातमी आहे." फार सरळ. "काका, बाबांना वेळ नाही मिळाला." खोटं, वेळ तर होता. "काका, बाबा बोलले नाहीत आणि आता बोलायचे पण नाहीत." हे ऐकून झाडसुद्धा नाराज दिसलं.

घर उघडं होतं. काका नव्हता. जमिनीवर ती रेघ, मधे कधीतरी नव्यानं रंगवलेली. काकाच्या अर्ध्यात पसारा: जाळी, बूट, माशांची हाडं. रेघेपलीकडे बाबांचा अर्धा भाग. तिथली खाट झाडलेली, चादर ताणलेली, धुळीचा कणही नाही. टेबलावर बुद्धिबळाचा पट, एका बाजूला काळी मोहरी. पांढऱ्यांच्या जागी काही नाही, पण काळी प्यादी बरीच पुढे आलेली.

खिडकी अर्धी उघडी होती.

"पेट्रोल घरात ठेवत नसत," आत्या म्हणाली. "मागे गुहा आहे."

गुहेत गारवा होता. तोंडापाशीच सहा कॅन, काकाच्या खुणेचे. आत्यानं पहिला उचलला, तो इतका हलका आला की ती मागे झुकली. दुसरा रिकामा. तिसरा. सहाही! एकात कोळ्यानं जाळं विणलं होतं. मी खाली बसलो. मनात हिशोब चालू झाला: वाऱ्याचे महिने, तीन माणसं, काही मासे. मला मासे आवडत नाहीत.

"हा होडीनं कुठेच गेला नाही," आत्या पुटपुटली. "मग याचं पेट्रोल गेलं कुठं?"

गुहेच्या अगदी आत, दगडांच्या आडोशाला, फळ्यांवर गोणपाट झाकलेलं काहीतरी होतं. आत्यानं गोणपाट काढलं. बाबांच्या खुणेचे सहा कॅन. तिनं कडी धरून एक उचलायला घेतला आणि तो हललाच नाही.

"ठेव खाली," मागून आवाज आला. "ते दादाचं आहे."

गुहेच्या तोंडाशी काका उभा होता. दाढी पोटापर्यंत, हातात मासा. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं असावं, पण चेहऱ्याची सवय मोडली होती.

"अण्णा," आत्या म्हणाली, "हे भरलेले कसे?"

"अर्धे ठेवले तर शिळे झाले असते. तुला ठाऊक आहे, चिमे. तो गेला त्याच आठवड्यात माझे त्यात ओतले. औषध होतं, तेही घातलं." त्यानं मासा दुसऱ्या हातात घेतला. "तो न्यायला आला असता आणि खराब निघालं असतं, तर म्हणाला असता, मुद्दाम केलं."

"आणि तू? तुझ्या होडीला?"

"माझं संपलं ना."

"अरे, मग ह्यातलं घ्यायचं!"

"दादाच्या वाट्यातलं? न विचारता?" तो खरंच चिडला. मग त्यानं आमच्या मागे पाहिलं, गुहेबाहेर पाहिलं, पायवाटेकडे पाहिलं. "तो बोटीत बसलाय का? वर यायला लाज वाटते का त्याला?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा आत एकही शब्द नव्हता. झाडांवर केलेला सराव झाडांपाशीच राहिला होता.

काकानं मला बराच वेळ निरखलं. बाबांचं नाक माझ्याकडे आलंय.

"कधी?" त्यानं विचारलं.

"हिवाळ्यात."

त्यानं मासा दगडावर ठेवला, अगदी हळू, जणू तो जागा झाला असता. बाहेर वारा झाडांच्या शेंड्यांतून जाऊ लागला होता.

"काही म्हणाला?"

खोटं बोलायची ही उत्तम संधी होती. "म्हणाले, आधी तो बोलेल," मी म्हणालो.

काकाच्या दाढीत काहीतरी हललं. "गाढव," तो म्हणाला. मग खाली बसला आणि पुष्कळ वेळ उठला नाही. आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी कोळ्याच्या जाळ्याकडे बघत राहिलो.

अखेर वाऱ्यानंच विषय काढला. फांद्या कडाकडा वाजायला लागल्या, आणि आत्या म्हणाली, "अण्णा, आज निघालो तर निघालो."

"पेट्रोल दादाचं आहे."

"दादा नाही आता."

"मग त्याच्या पोराचं." काका माझ्याकडे वळला आणि मला कधी कोणी विचारलं नव्हतं इतक्या अदबीनं म्हणाला, "घेऊ का?"

"घ्या," मी म्हणालो. माझी एवढीच मालमत्ता होती आणि ती तीन माणसांत लगेच खर्च होणार होती.

आत्यानं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरलं. तळाला पाण्याची रेघ नाही. वास तिखट, रंग किंचित पिवळा. "जरा म्हातारं आहे," ती म्हणाली, "पण शुद्धीवर आहे." दोनच कॅन आम्ही खाली नेले; जास्त ओझ्यानं बोट फटीत अडली असती. बाकीचे चार तिथेच सोडले. काकानं त्यांची झाकणं एकदा घट्ट करून पाहिली, गोणपाट नीट घातलं आणि काळी मोहरी खिशात टाकून घराचं दार ओढून घेतलं. खिडकी पूर्ण बंद केली. मग विचार करून पुन्हा अर्धी उघडली.

समुद्र उठला होता. आत्यानं दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. खोकलं, काळा धूर सोडला, गप्प. फटीकडून पांढरी लाट येत होती. तिसरा हिसका! इंजिन धडधडलं! आम्ही सुटलो. लाट नाकावर आली, बोट तिच्यावर उभी चढली, पलीकडे आपटली. खडक इतका जवळून गेला की त्याच्यावरचे शिंपले दिसले. इंजिन एकदा अडखळलं. काका त्याच्याकडे झुकून ओरडला, "दादा, आता नाही हं!" ते पुन्हा धडधडलं. आम्ही बाहेर पडलो.

आम्ही मोकळ्या पाण्यावर आलो. बेट लहान होत गेलं, मग नव्हतंच. काका मागच्या बाकावर बसला होता, एका टोकाला सरकून, बरोब्बर अर्ध्या बाकावर. दुसरा अर्धा रिकामा. त्याच्याकडे तो बघतही नव्हता, फक्त त्यात आपला पाय जाऊ देत नव्हता.

बराच वेळ मी समोरून ते पाहिलं. मग उठलो आणि जाऊन त्या रिकाम्या अर्ध्यात बसलो.

काका दचकला. माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. मला वाटलं, उठवतो आता.

"बुद्धिबळ येतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बरंय," तो म्हणाला. "पांढरी मोहरी तुझी."