नाव-पत्ता

पेशंटला औषधी चहा पाजायच्या दिवशी मी सकाळी काही खात नाही. पेशंट उपाशी, आणि आपण भरपेट मक्याचं कुस्कुस खाऊन त्याच्या बादलीशेजारी बसायचं, हे मला बरं वाटत नाही. ओटासिल्यो, आमचा नर्स, मात्र दाबून खाऊन येतो. "मॅडम, एकाच्या तरी पोटात काही असलेलं बरं," म्हणतो.

तो गुरुवार होता. ब्राझीलमधल्या नाताल शहरातल्या आमच्या मानसोपचाराच्या दवाखान्याची ती खोली मी स्वतः लावलेली आहे: पलंग, दोन खुर्च्या, जाड पडदे. तरी समुद्राकडून बारीक वाळू आत येतेच.

त्या दिवशीची पेशंट झेनाइदे, अडतीस वर्षांची. किनाऱ्यावरच्या वस्तीत लेस विणायची. सहा वर्षांत तिने सुताला हात लावला नव्हता. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या होत्या, दोनदा जीव द्यायचा प्रयत्न झाला होता. हा शेवटचा उपाय, हे तिलाही ठाऊक होतं.

"पाहुणी आहे, बाई," ती तयारीच्या भेटीत म्हणाली होती. "समोर बसलेली असते. काही मागत नाही आणि जातही नाही."

उदास माणसं असं बोलतात. मी लिहून घेतलं.

रानवेलीची साल आणि पानं उकळून केलेला, भास घडवणारा तो कडू तपकिरी चहा तिने नाक दाबून घेतला आणि डोळ्यांवर पट्टी बांधून ती आडवी झाली. पुढचे चार तास आम्ही दोघांनी नुसतं बसायचं. पेशंट घाबरला, आपण कुठे, जवळ कोण, असं विचारू लागला, तरच तीन गोष्टी सांगायच्या: आपलं नाव, वार आणि जागा. त्याने माणूस ताळ्यावर येतो. अकरा वर्षांत मी हे शंभरदा केलं असेल.

दीड तासाने ती ओकली. ओटासिल्योने बादली बदलली. थोड्या वेळाने माझे पाय गार पडले. एसी बंद होता. मीच बंद केला होता.

"कोण गं तू?"

आवाज जड होता. ओकल्यावर घसा बसतोच.

"मी मार्लूसी. आज गुरुवार. तू दवाखान्यात आहेस."

"राहतेस कुठे?"

हे नियमात नव्हतं. पण झेनाइदेने चादर मुठीत धरली होती, आणि मला वाटलं, खऱ्याखुऱ्या घराचं नाव ऐकून तिला धीर येईल. दीपगृहामागची गल्ली सांगितली, निळं दार सांगितलं.

"घरी कोण असतं?"

"आई. दिवसभर एकटीच असते बिचारी. मी येईपर्यंत भिंतींशी गप्पा मारते."

ओटासिल्यो माझ्याकडे टक लावून बघत होता.

झेनाइदेने पट्टी वर सरकवली. "बाई, कुणाशी बोलताय?"

"तुझ्याशीच की. तूच विचारलंस ना?"

"मी कुठे काय विचारलं?"

मी ओटासिल्योकडे वळले.

"मला फक्त तुमचंच ऐकू आलं, मॅडम," तो म्हणाला. मग सवयीने, "नाश्ता करत जा हो." पण हसला नाही.

इतक्यात झेनाइदे उठून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "गेली! बाई, उठून गेली!" तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. खरं सांगते, मलाही रडू आलं. सहा वर्षांचं ओझं एखाद्याच्या अंगावरून उतरताना बघायला मिळावं, यासाठी तर मी या कामात आले.

आठवड्याने ती तपासणीला आली. उदासी मोजायच्या दहा प्रश्नांच्या कागदावर नऊ ठिकाणी शून्य. वीतभर लेस विणून आणली होती.

माझं मात्र लक्ष नव्हतं. त्या गुरुवारपासून आई गप्प होती. घास चिवडायची. काय होतंय विचारलं, तर "थकले गं" एवढंच. पंच्याहत्तरी आली, म्हातारपण आहे, असं मी स्वतःला बजावत होते. स्वयंपाकघरात तिच्या समोरची खुर्ची रोज ओढलेली दिसायची. मी रोज आत सारायची.

"झेनाइदे," मी कागद आवरत विचारलं, "ती पाहुणी तुझ्याकडे आली कधी?"

"मावशी गेली त्या दिवशी. आधी मावशीकडे होती."

"मावशी कशाने गेली?"

तिने मान खाली घातली. "स्वतःहून. ती तशीच असते, बाई. माणूस स्वतःहून गेल्याशिवाय ती जागा सोडत नाही. माझंही तेच होणार होतं. तुम्ही कशी काय घालवलीत तिला?"

मी कागद तसेच टाकून फोन शोधू लागले.

"बाई? घरी सगळं ठीक ना?"

मी घरी फोन लावला. आईने उचलला नाही.

पुन्हा लावला.

मग शेजारच्या इव्होनेतेकाकूंना लावला.

"अगं, मीच तुला फोन करणार होते! आभार कसे मानू तुझे? आईचं शिवणयंत्र! चाळीस वर्षं कुणाला बोट लावू दिलं नाही, आणि आज सरळ मला देऊन टाकलं!"

"आई काय म्हणाली, काकू?"

"त्या कुठे काय बोलल्या? बसल्या होत्या आपल्या गप्प. तू सोबतीला ठेवलेली ती बाई म्हणाली, घेऊन जा, यांना आता लागणार नाही."