ऐंशी किलोंची जागा

"एकशे चाळीस किलो जास्त भरतंय," खिडकीतला माणूस म्हणाला, आणि वर हसला!

स्वेन्याला त्याचा रागच आला. बाहेर जुलैचा पाऊस भुरभुरत होता आणि सफरचंदाच्या रसाच्या कारखान्यातल्या वजनकाट्यावर तिची कॅम्पर व्हॅन उभी होती. दीड वर्ष चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी हातात करवत घेऊन तिने ती आतून सजवली होती. चौदा सप्टेंबरपासून तीन आठवड्यांची रजा... आणि मग पहिलाच प्रवास, ऑस्ट्रियातून थेट इटलीतल्या उंच खिंडींपर्यंत!

"ऑस्ट्रियाचे पोलीस घाटाखाली गाड्या तोलतात," तो म्हणाला. "साडेतीन टनांच्या वर गेलात की सामान रस्त्यावर उतरवायला लावतील. भरलंय तरी काय एवढं?"

"कपाट आहे. ओकचं."

"डोंगरात जाताय की बिऱ्हाड हलवताय?"

न हसण्याचा तिने खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्याचं नाव वेंडेलिन होतं आणि हसताना तो एक डोळा किंचित बारीक करायचा.

पुढच्या गुरुवारी कपाट गेलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी बिडाचा तवा, गॅसची दुसरी टाकी आणि निम्मी पुस्तकं. दर खेपेला वजन झालं की वेंडेलिन गार रसाचे दोन पेले घेऊन बाहेर यायचा. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरायचा, तिचं बोट एकेका खिंडीवरून फिरायचं आणि त्याची नजर... नकाशावर असायचीच असं नाही.

हवा स्वच्छ असली की काट्याशेजारच्या त्याच्या खोलीच्या खिडकीतून आल्प्स अगदी हाताशी आल्यासारखे दिसत. अकरा वर्षं तो ते बघत होता, तिथे गेला मात्र एकदाही नव्हता.

"का नाही गेलात?" तिने विचारलं.

"हंगामात इथून हलता येत नाही. आणि हंगाम संपल्यावर... कुणी चल म्हटलंच नाही."

त्याने ते हसत सांगितलं. तिने ते घरापर्यंत नेलं, आणि आठवडाभर तिच्या डोक्यातून गेलं नाही.

ऑगस्टमध्ये गाडी हिशेबात बसली. खरं तर काट्यावरचं काम तिथेच संपलं होतं. पण स्वेन्या येतच राहिली. सायकल काढली, दाराबाहेर ताणायचं कापडी छप्पर काढलं, लाडकी खुर्चीही काढली.

"अहो, ऐंशी किलो शिल्लक आहेत आता," वेंडेलिन चक्रावला. "अजून काय काढताय, दारं?" आणि रसाच्या बाटल्यांचा एक क्रेट उचलून तो गाडीत ठेवायलाही निघाला. "हे तरी न्या."

"नको!"

"जागा आहे की."

"ती तशीच हवीये मला."

"कशाला?"

स्वेन्याने कपाळाला हात लावला. एवढा शहाणा माणूस, पण समोरचं दिसेना त्याला!

रजेआधीच्या शेवटच्या गुरुवारी सफरचंदांचे ट्रॅक्टर फाटकापर्यंत रांगेत उभे होते. हंगाम सुरू झाला होता.

"अजून ऐंशी रिकामेच," तो म्हणाला. "रिकामी जागा घेऊन कुणी डोंगरात जातं का?"

"वेंडेलिन, तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर. का?"

ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू त्याचे कान लाल झाले. मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवू लागला.

"आत्ता... आत्ता नाही येता येणार," तो कसाबसा म्हणाला. "ऑक्टोबर संपेपर्यंत..."

"आणि नोव्हेंबरात खिंडी बंद. माहीत आहे मला." तिने नजर स्टीअरिंगवर वळवली. "तरी काढत राहिले सामान. वेडी आहे मी."

तो वळून खोलीत गेला. संपलं, असं तिला वाटलं. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात घड्यांवर झिजलेला एक नकाशा होता. त्यावर लाल पेन्सिलीने रस्ते काढले होते, आणि त्यात तिची एकही खिंड नव्हती.

"हे बर्फातही चालू असतात," तो म्हणाला. "ब्रेनरची कमी उंचीची खिंड, मग खाली दरीदरीने. जुलैपासून काढतोय. पण तुझं स्वप्न उंचावरचं... तुला खाली ये कसं म्हणू?"

"म्हणून तर बघायचंस!"

"आता म्हणतो. पण आधी वर जाऊन ये. नोव्हेंबरात खालून मला दाखव, तू कुठे कुठे होतीस ते."

"तीन आठवडे तुझ्याशिवाय?"

"आठ म्हण. मध्ये सफरचंदं आहेत."

ती रडता रडता हसली. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिने त्याचा हात घट्ट धरला. ट्रॅक्टरवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, तरी दोघांनीही सोडला नाही.

सोमवारी ती एकटीच निघाली. तिसऱ्या दिवशी पहिल्या खिंडीच्या माथ्यावर तिने गाडी थांबवली. चारी बाजूंना शिखरं, वर निळंभोर आकाश. याच जागेसाठी तिने दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं. ती बराच वेळ तिथे उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की आपण खाली दरीतला रस्ता शोधतोय.