तीन वाजताचं शून्य

"त्या उपग्रहाला वरून म्हणे अंगणातली कोंबडीसुद्धा दिसते. मग माझा जवळा भिजताना काय डोळे मिटले होते त्याचे?" चांगुणा कुंदाच्या कानाशी पुटपुटली.

खडपे बेटाच्या समाजमंदिरात कोळणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. समोर हवामान केंद्रातून आलेल्या वैजयंती पेठकर. ढग बरसायला आला, की उपग्रहाच्या इशाऱ्यानं वाळवणावर ताडपत्री आपोआप पसरायची. परवा दुपारी तीनला सर कोसळली, बाया बंदरावर लिलावात, आणि ताडपत्री जागची हलली नाही. चांगुणाचा आठ दिवसांचा जवळा कुजला.

"उपग्रह ढग पाहतो, पाणी मोजत नाही," पेठकरबाई सांगत होत्या. "म्हणून तो तुमच्या टेकडीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहतो. दोन वर्षं तुमच्या वहीत पाऊस पहाटेचा, आणि तीनच्या रकान्यात शून्य. त्यावरून नव्या गणितानं दुपारचा ढग कोरडा ठरवला. परवाची सर अपवाद होती. त्याची सोय आम्ही ठेवायला हवी होती. चूक आमची."

कुंदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खाऱ्या हवेत यंत्रं गंजायची, म्हणून रोज सकाळी नि दुपारी तीनला पाऊस मोजायचं काम बायांकडे आलं होतं, पाळीपाळीनं. तिची पाळी मंगळवारची. पण तीनला लिलाव! तो सोडून टेकडी कोण चढणार? आकडा लिहायचा तर नळीतलं पाणी बघावं लागतं. शून्याला चढावं लागत नाही. ओल्या लुगड्यानं, केस निथळत असताना तिनं कितीदा शून्य लिहिलं होतं. साचलेलं पाणी दुसऱ्या सकाळी मोजलं जाई, नि वहीत पाऊस पहाटे पडे.

"मोठ्या मनाच्या हो तुम्ही, मॅडम," हिरूमावशी म्हणाली आणि छताकडे बघू लागली.

"नाही हो. तुमची वही इतकी नेटकी आहे, की उद्यापासून हेच गणित आणखी चाळीस बेटांना लावतोय."

चाळीस बेटं. तिथल्याही बाया लिलावातच असणार. कोणीतरी बोलेल म्हणून कुंदा वाट बघत राहिली. सगळ्याच बघत होत्या.

पेठकरबाईंनी चांगुणापुढे हात जोडले. "माफ करा, ताई."

चांगुणानं ते हात धरून खाली केले.

"नका, बाय. अपवाद कसला? आश्विनात इथं रोज तीनलाच पडतो. त्या टेकडीवर आमच्यातली एकही चढत नव्हती. मीसुद्धा नाही."